एकच घाव

मित्रांनो, मी लोखंडाचा एक जुना कोयता. माझ्या मुठीला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘मुद्देमाल क्रमांक चार’. मी एका माणसाचा जीव घेतला आहे.

शहाद्याच्या सलीमचाचांनी ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यापासून मला घडवलं. भट्टीत लाल केलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं. प्रकाशा गावाजवळच्या लोटन पाटलाने मला विकत घेतलं. सात वर्षं मी त्याच्या बागेत केळीचे घड उतरवले. “असं पातं गावमा कोनाकडे नही,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि मला अभिमान वाटायचा.

लोटन आणि त्याचा चुलतभाऊ भटू यांची विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. चैत्रातल्या एका सकाळी लोटन घड कापत असताना पाटाचं पाणी अचानक थांबलं. तो मला हातात घेऊनच विहिरीवर गेला. भटू पाण्याची मोटार बंद करून मोठ्या लोखंडी पान्याने तिचा नट आवळत होता.

“भटूभाऊ, आज मन्ही पाळी शे.”

“तुन्ही पाळी सरनी. चालता हो आठून!”

लोटनने मोटारीच्या बटणाच्या पेटीकडे हात नेला. भटूने पाना उगारला आणि त्याच्या कपाळावर हाणला. कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं. पाना दुसऱ्यांदा उचलला गेला. त्याआधीच लोटनने मला फिरवलं.

मान आणि खांदा यांच्या मधे मी शिरलो. केळीचा दांडा कापायची मला सवय. हे मांस होतं, मग हाड लागलं. गरम रक्त मुठीपर्यंत आलं. भटू पाटात कोसळला. त्याच्या टाचा चिखलात घासत राहिल्या, मग थांबल्या. लोटनने मला फेकून दिलं आणि आपला रुमाल त्या जखमेवर दाबून धरला. “भाऊ, डोया उघड, भाऊ!” तो ओरडत होता. भटूची बायको मंगलाबाई भाकरी घेऊन बांधावरून येत होती. तिची किंकाळी मी अजून विसरलो नाही.

मंगलाबाईने साक्षीत सांगितलं, लोटन कोयता घेऊन मारायलाच आला आणि त्याने तीन घाव घातले. डॉक्टरांना जखम एकच दिसली होती. पण तिन्ही घाव एकाच जागी बसले, असं सरकारी वकिलांनी मांडलं आणि ते मान्य झालं. लोटनला खुनासाठी जन्मठेप झाली. उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

मग प्रकरण दिल्लीला, देशाच्या सगळ्यांत मोठ्या न्यायालयात गेलं. मी गेलो नाही, साक्षीदारही गेले नाहीत. गेले ते फक्त कागद.

भटू मेल्यानंतर नऊ वर्षांनी निकाल लागला. जप्त केलेल्या वस्तू परत न्यायला लोटनची मुलगी रोहिणी कोर्टात आली. भटूचा चांदीचा करदोटा घ्यायला त्याच दिवशी मंगलाबाईही आली. मी दोघींच्या मधे टेबलावर पडलो होतो. नवनीत कारकुनाने इंग्रजी निकालातला मजकूर मराठीत समजावला.

“न्यायाधीशांनी शवविच्छेदनाचा कागद पुन्हा वाचला. जखमेच्या कडा सरळ, हाडावर खूण एकच. म्हणजे घाव एक. लोटनच्या कपाळाला सात टाके पडले होते. ते कसे पडले, हे सरकार पक्षाने कुठेच सांगितलं नव्हतं. कोयता त्याच्या हातात आला तो कामाचा म्हणून. मारायचा बेत आधी नव्हता. भांडण ऐनवेळी पेटलं. म्हणून हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. गुन्हा आहेच, पण भोगली तेवढी शिक्षा पुरे.”

मंगलाबाई रोहिणीकडे वळली.

“तुन्हा बाप घर उना का?” तिने विचारलं.

“उना, काकू.”

“मी तीन घाव सांगात, पोरी,” मंगलाबाई म्हणाली. “देखा ते एकच. वाटे, एक सांगसू ते मन्हा मानूसना जीव स्वस्त व्हई जाई.”

रोहिणीने पिशवीतली पाण्याची बाटली काढून मंगलाबाईपुढे धरली. मंगलाबाईने ती घेतली नाही. करदोटा मुठीत आवळून ती दाराबाहेर गेली. कागदावर माझ्यासाठीही एक ओळ होती, ‘कोयता नष्ट करावा.’

मित्रांनो, उद्या मला वितळवतील. मला त्याचं दुःख नाही. माझी एवढीच विनंती आहे. भांडायला जाल तेव्हा हातातलं अवजार आधी जमिनीवर ठेवा. आणि कधी साक्षीला उभे राहिलात, तर दिसलं तेवढंच सांगा. दिल्लीच्या न्यायाधीशांनी नऊ वर्षांनी एक घाव मोजला. तो एकच होता, आणि भटू तेवढ्यानेच मेला.