पाण्यातली बैठक

कोलशेतच्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणताच येत नाही. गेल्या वर्षी विकास योजनेचे साहेब म्हणाले, कोंबड्या पाळाल का? सगळ्यांचे हात वर. पांढऱ्या शुभ्र कोंबड्या आल्या आणि एक सोडून साऱ्या होळीच्या आत रश्शात गेल्या.

म्हणूनच सगुणा धास्तावली होती. यंदा गावाला एकच काम मिळणार होतं. साहेबांच्या यादीत वाचनालय पहिलं आणि खाडीचा बांध शेवटी. फुटक्या बांधातून खारं पाणी शिरून तिचं भात दोन वर्षं करपलं होतं. यंदाही तसंच झालं तर शेत सोडून मिठागरावर टोपल्या वाहणं आलं.

साहेब त्र्यंबकराव कोपरीचे, सज्जन आणि भलतेच बोलके. त्यांनी बैठक कळवली: पौर्णिमा, दुपारी एक. ऐन उधाणाच्या भरतीची वेळ, पण साहेबांना सांगणार कोण? सगुणाने मात्र साळसूदपणे आपलं शेत देऊ केलं. चिंचेची सावली आहे म्हणाली.

साहेब बाजेवर उभे राहून वाचू लागले. पाणी आलं. बसलेले गुपचूप उभे राहिले, पण पाहुणा बोलत असता निघून कसं जायचं? एका हातात धोतर, दुसऱ्या हातात वहाणा धरून गाव माना डोलवत राहिलं. काळुराम पाटलांच्या काखेत ती उरलेली कोंबडीही होती. पाणी पोटऱ्यांना लागलं तरी साहेबांची नजर कागदावरच.

"वाचनालय कोणाला हवं? हात वर करा."

एकही हात हलेना. साहेबांनी मान वर केली. "कोणालाच नको?"

"हवा ना, सायेब. पन हात मोकले नाय," पाटील ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात बाजेचा पाय चिखलात रुतला आणि ती कलंडली. साहेब मटकन खाली बसले, तेही पाण्यात.

सगुणाने वहाणा सोडल्या, हात उंच केला. "माना बांध हवा, सायेब."

मग सगळ्यांनीच हात वर केले. धोतरं भिजली, वहाणा खाडीच्या वाटेला लागल्या, कोंबडी साहेबांच्या खांद्यावर जाऊन बसली. सारं शेत खदाखदा हसत होतं, साहेबसुद्धा.

"म्हणजे वाचनालय नकोच?" त्यांनी जरा हिरमुसून विचारलं.

पाटलांना गलबलून आलं. त्यांचा हात पुन्हा वर जाऊ लागला. सगुणाने झटकन कोंबडी उचलून त्यांच्या दोन्ही हातांत दिली.

"घट्ट धरा आबा, उडल ती."

पाटलांनी घट्ट धरली, आणि साहेबांनी ओल्या कागदावर बांध लिहिला.