पाखाडीवरचा गडगा

कमलाबाईंचं चित्त सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं. चहा दोनदा उतू गेला. आतून नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या जावेने, गंगुबाईंनी हाक मारली, "आज सभा ना गो? मग घरात काय घुटमळत्येस?"

कमलाबाईंचा जीव अडकला होता तो एका सहीत. ग्रामसभेला बायका जायच्या नाहीत, वहीच घरोघर फिरायची, ही गावची जुनी रीत. गेल्या वर्षी पंचायतीचा शिपाई बाबल्या वही घेऊन दारात आला, तेव्हा कमलाबाई कोलंबी सोलत होत्या. "पाण्याच्या लायनीचं हाय, काकी," तो म्हणाला. त्यांनी हात पदराला पुसून सही केली. महिन्याभरात देवळामागच्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीच्या तोंडाशी जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा भिंतीसारखा आडवा उभा राहिला. बौद्धवाडीची माणसं आपली मढी त्याच पायऱ्यांवरून मसणवटीत न्यायची. आता वळसा वहाळातून. श्रावणात कमलाबाईंच्या नवऱ्याची, दत्तारामची तिरडी कमरभर पाण्यातून गेली. विचारायला गेल्यावर सरपंचांनी ठराव पुढे केला : देवळाच्या सुशोभीकरणासाठी पाखाडी बंद. खाली दोन नंबरची सही कमलाबाईंची.

तेव्हापासून उजवा हात त्यांना परक्यासारखा वाटे.

आणि माहेरची विहीर आठवे. त्या अकरा वर्षांच्या होत्या. शिवाशिव गुन्हा ठरून कितीतरी वर्षं झाली होती, तरी वाडीला विहिरीला हात लावू देत नसत, त्यांच्या घागरीत पाणी वरूनच ओतत. मग बाबा आणि वाडीतली माणसं रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन विहिरीच्या काठावर बसली. तोंडात शिवी नाही, हातात धोंडा नाही. कुणी शेण फेकलं, तर बाबा ते पुसून पुन्हा बसत. चौथ्या दिवशी मामलेदार आले, तेव्हा कागदावरचं पाणी घागरीत उतरलं.

प्रजासत्ताक दिनाच्या सभेत या वेळी बौद्धवाडीतल्या साऱ्या बायका पहिल्या रांगेत बसल्या. संविधानाची उद्देशिका वाचून झाली. सह्यांची वही फिरत आली, तशी कमलाबाईंनी ती मिटून मांडीवर ठेवली.

"काकी, वही पुढे द्या," सरपंच हरिश्चंद्र म्हणाले.

"आधी पाखाडी खुली केल्याचं लिवा. मग सह्या."

"पाखाडी सगळ्यांनाच बंद आहे. तुमच्यावर काय खास राग नाय."

"तुमची मढी डांबरी रस्त्यानं जातात हो. तो रस्ता तुमच्या मसणात जातो, आमच्या नाय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, "म्हातारीला मरायची घाई झाली!"

"मला नाय रे, गंगुवैनीला. ती तुमच्या ठरावासाठी थांबल्ये."

ग्रामसेविका दर्शना सरपंचांकडे वाकून म्हणाली, "सह्यांशिवाय कोरम होत नाही, साहेब."

बायका ना सही करत होत्या, ना उठत होत्या. जेवणवेळ टळली. कमलाबाईंचे गुडघे ठणकत होते आणि वही घामाने चिकटली होती. अखेर हरिश्चंद्र वैतागले, "लिहा मॅडम, खुली!" हात वर झाले, काही तर नाइलाजानेच. कमलाबाईंनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि सही केली.

घरी गंगुबाई टक्क जाग्या होत्या. "उघडली?"

"लिवली."

"कायदा तर विहिरीलाही लिवलेला होता. तुझा बाप कागद बघून घरी बसला काय?" गंगुबाई कोपरावर उठू लागल्या. "मेल्यावर न्याल ते न्याल. आधी मला जिती न्या. बघू कोण अडवतो."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार बायकांनी त्यांना उचललं. गडग्यापाशी खुर्ची टेकवली आणि सगळ्या भोवती बसल्या. देवळाच्या पारावर माणसं जमली. कुणी पुढे येईना, कुणी हटेना. ऊन उतरू लागलं.

मग गर्दीतून बाबल्या आला. वहीची पिशवी त्याने कमलाबाईंच्या पायाशी ठेवली. वर न बघताच म्हणाला, "तेव्हा मी पण वाचलं नव्हतं, काकी." आणि वरचा चिरा हलवायला लागला.

"हळू काढ रे," गंगुबाई खुर्चीतून ओरडल्या, "फोडू नको. आमच्या पायरीला होईल!"

एकट्याला चिरा पेलेना. कमलाबाईंनी पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं, उजव्या हाताने.