तिने लावलेली स्क्रीन

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी एका नाचाच्या क्लासचा कार्यक्रम शूट करत होतो. कार्यक्रम दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवसाचं शूटिंग मी तिच्याकडे दिलं होतं आणि ती घरी बसून ते एडिट करत होती. दुपारी शेजारच्या वहिनींचा फोन आला. "भाऊ, घरी या," एवढंच म्हणाल्या. आवाजावरून कळलं. स्टेजवर लहान मुली फुलपाखरं होऊन गोल फिरत होत्या. कॅमेरा तसाच चालू ठेवून मी निघालो.

पुढे दिवस जात राहिले. नाचाच्या बाई अधूनमधून फोन करायच्या. "घाई नाही हो दादा," म्हणायच्या आणि जरा थांबून, "पण पालक विचारतात." त्यांचं काही चुकत नव्हतं. मला शूट करता येतं, एडिट करता येत नाही. आमच्यात तशी वाटणीच होती.

शेवटी मेहुण्याला बोलावलं. तिचा धाकटा भाऊ, तोही एडिटिंगच करतो. "भाऊजी, हार्डडिस्क द्या, माझ्याकडे नेऊन करून टाकतो," म्हणाला. मी नको म्हटलं. तिचं अर्धं झालेलं काम घराबाहेर पाठवायला मन होईना.

तो मागच्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसला. क्लिप कापायला नेहमीची कळ दाबली, तर भलतंच काहीतरी झालं. दुसरी दाबली, तर क्लिपांची सगळी पट्टीच सरकली.

"काय हे! ताईने सगळ्या कळा उलट्यापालट्या करून ठेवल्यात. चोर जरी शिरला तरी डोकं धरून बसेल."

"चोर कुठला, तूच शिरलायस."

ती डावखुरी होती. माउस डाव्या हातात, म्हणून कापायच्या, जोडायच्या सगळ्या कळा तिने कीबोर्डच्या उजव्या टोकाला नेल्या होत्या. क्लिपच्या रंगांनाही तिनेच नावं दिली होती. हिरवा 'चालेल', पिवळा 'बघू' आणि तपकिरी 'हे काय घेतलंय'. तपकिरी क्लिप सगळ्या माझ्या. मेहुणा मोठ्याने हसला. मीही हसलो.

"भाऊजी, यावर माझा हात बसायचा नाही. सेटिंग मूळ होतं तसं करतो."

"नको."

"अहो, मग काम कसं होणार?"

ते मलाही कळत होतं. पण तिने लावलेली स्क्रीन तशीच राहायला हवी होती आणि फिल्मही पुरी व्हायला हवी होती. तिची अशी वस्तू घरात दुसरी नव्हती. साड्या कोणीही दुकानातून आणतं. ही स्क्रीन तिने बसून बसून, स्वतःला हवी तशी केली होती.

मेहुण्याने तिच्या कळांची मांडणी 'ताई' नावाने वेगळी जपून ठेवली. "झालं समाधान? पाहिजे तेव्हा परत आणता येईल." रंगांना त्याने हात लावला नाही. मग स्वतःच्या सोयीने स्क्रीनवरच्या खिडक्या सरकवल्या, चित्र इकडे घेतलं, आवाजाच्या पट्ट्या बारीक केल्या आणि कामाला लागला. संध्याकाळी घरून फोन आला तसा उठला. "बंद तेवढं करा, मी उद्या येतो."

मी बंद करायला गेलो तर मशीनने विचारलं, स्क्रीनच्या मांडणीतले बदल सेव्ह करायचे का. आमच्या घरात याला एकच उत्तर होतं. एकदा वीज जाऊन एक अख्खं लग्न बुडालं होतं, तेव्हापासून तिने मला बजावून ठेवलं होतं, "मशीन काहीही विचारू दे, तुम्ही आपलं सेव्ह म्हणा." मी सेव्ह म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने स्क्रीन बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही सेव्ह केलंत?"

"हो. का?"

"माझी मांडणी तिच्या मांडणीवर बसली." त्याने बराच वेळ जुनी फाईल शोधली. नव्हती. "कळा आहेत. बाकीची स्क्रीन गेली. चूक माझी, सांगायला हवं होतं मी."

"जाऊ दे. ती असती तरी सेव्हच म्हणाली असती."

त्याने माउस खाली ठेवला. "तुम्ही रोज बघायचात ना? सांगा, काय कुठे होतं. मी लावतो."

मी माझ्या जागेवर, मागच्या खाटेवर जाऊन बसलो. तिथूनच मी तिचं काम बघायचो. मी सांगत गेलो, तो सरकवत गेला. आवाजाच्या पट्ट्या उंच. घड्याळाचे आकडे मोठे, तिला चष्मा लावायचा कंटाळा. रंगांचे चौकोन उजवीकडे खाली.

"आणि डावीकडे वर?"

मी बघत राहिलो.

"भाऊजी, डावीकडे काय होतं?"

"तिथे तिचं डोकं असायचं रे."



उजवी बाजू बरीचशी लागली आहे. डावीकडचा वरचा भाग रिकामाच ठेवला आहे. मेहुणा म्हणतो, त्याशिवायही काम होईल. दुसऱ्या दिवसाचे नाच अजून कापायचे आहेत, आणि फिल्म कधी होईल म्हणून नाचाच्या बाईंना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.