गुडघ्यावरचा चिमटा

“कुरकुर म्हणजे नेमका कसला आवाज, मॅडम?” सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या टायवाल्याने विचारलं.

आईने पर्स मांडीवर ठेवली, ओठ आवळले आणि आवाज काढून दाखवला. फुगलेलं दार कुणी हळूच ढकलावं तसा. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं, टायवाल्याने हसू दाबलं. मी खाली बघत राहिले. आई कुठलाही आवाज हुबेहूब काढायची आणि तो चारचौघांत काढायची, याची मला लहानपणापासून धास्ती होती.

“वळताना येतो,” आई म्हणाली. “पुढच्या चाकातनं. अगदी माझ्या पायाखाली.”

“आणि सरांना काय वाटतं?”

सर म्हणजे माझे बाबा. त्यांना कसला आवाज येणार? जन्मभर खिळ्यांच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहून त्यांचे कान कामातून गेले होते. कानाचं यंत्र घेतलं होतं, पण ते डोक्यात भांडी आपटतं म्हणून त्यांनी ते कपाटात, मोज्यांच्या शेजारी ठेवून दिलं होतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत, आणि ओळखता आलं नाही की विनोद करून वेळ मारून नेत.

“गाडी कुरकुरते की ही कुरकुरते, ते आधी तपासा,” बाबा मोठ्यांदा म्हणाले. आजूबाजूचे सगळे हसले. आईसुद्धा हसली.

आमच्याकडे गाडी बाबा चालवत आणि ऐकायचं काम आईकडे असे. बाकीच्या बायका नवऱ्याला ‘अहो’ म्हणून हाक मारतात. आईचं गाडीतलं ‘अहो’ बाबांच्या गुडघ्यावर असायचं. थाप मारली की मागून हॉर्न वाजतोय, बाजू द्या.  आणि चिमटा काढला की गाडीत काहीतरी वाजतंय, दार नीट लागलेलं नाही किंवा डिकीत बाटली गडगडतेय. हे त्यांनी कधी ठरवलं, माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ते होतं. भांडण झालं की आई रागाने मागच्या सीटवर जाऊन बसायची, आणि मग बाबा गाडी सुरूच करायचे नाहीत. हाताची घडी घालून समोर बघत बसायचे. शेवटी आई धुसफुसत उतरायची, पुढे येऊन बसायची, आणि आम्ही निघायचो.

तर त्या दिवसांत आईचे चिमटे फार वाढले होते. त्यातच आमच्या गाडीसारख्या गाड्या कंपनीने परत बोलावल्याचं तिने रेडिओवर ऐकलं. पुढचं चाक धरून ठेवणारा लोखंडी आर्म आतून गंजतो आणि वळताना तुटतो, म्हणून कंपनी तो फुकट बदलून देत होती. आईने बाबांना धरूनच सर्व्हिस सेंटरला आणलं. मला सोबत घेतलं ते बाबांना समजावून सांगायला.

टायवाल्याने गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला. “नाही मॅडम. तुमची गाडी त्यात बसत नाही.”

“का बरं?”

“त्या गाड्या नव्या कारखान्यातल्या. तुमची जुन्या कारखान्यातली आहे.”

“मग आर्म वेगळा असतो का?”

“आर्म तोच. पण गाडी त्यात बसत नाही ना.”

“मग आमच्याकडून पैसे घ्या आणि बदला.”

“पार्ट त्या गाड्यांसाठीच राखून ठेवलेत, मॅडम. आणि चांगल्या गाडीचा आर्म उगाच कशाला काढायचा?”

आई ऐकेना, तेव्हा त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने चाक हलवून पाहिलं, आईला शेजारी बसवून आवारातच फेरी मारली. डॉक्टरसमोर गेल्यावर खोकला थांबावा तशी आमची गाडी गप्प बसली. आई पडलेल्या चेहऱ्याने उतरली. टायवाला बाबांकडे वळला, ओठ ताणून म्हणाला, “गाडी – एकदम – सेफ.” हे मात्र बाबांना पहिल्या फटक्यात कळलं.

बाहेर आल्यावर त्यांनी आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं. “बघितलंस? आता चिमटा बंद.”

“अहो, पण मला खरंच...”

“अगं, हे बघ काय करून ठेवलंयस.” भर पार्किंगमध्ये त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर ओढली. गुडघ्याच्या बाजूला निळा डाग होता. आई ओशाळली. वाकून तिने त्यावरून अंगठा फिरवला.

“बरं बाई, चुकलं,” ती म्हणाली. “नाही काढणार.”

आई शब्दाची पक्की होती. या एका गोष्टीचा मला तिचा अजून राग येतो.

पुढच्याच आठवड्यात ती दोघं माझ्याकडे येत होती. आईने माझ्या घरासाठी पडदे शिवले होते आणि ते आपल्या हाताने लावल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. उतारावरच्या वळणाला तिने बाबांच्या गुडघ्यावर थाप मारली. मग आणखी एक, मग थापांवर थापा. बाबांना वाटलं, मागून ट्रक आलाय आणि हॉर्न देऊन देऊन कावलाय. त्याला बाजू द्यायला त्यांनी गाडी झटकन कडेला घेतली, आणि पुढचं चाक दुमडून आत गेलं. गाडी दगडी कठड्यावर आदळली ती आईच्या बाजूने.

हॉस्पिटलमध्ये हवालदाराने मला सांगितलं की मागून कुणीच येत नव्हतं. बाबा खाटेवरून त्याच्या ओठांकडे बघत होते.

“मागे कुणी नव्हतं गं,” ते मला म्हणाले. “मग तिने थापा का मारल्या?”

पार्किंगमधलं आईचं ‘नाही काढणार’ मला आठवलं. मला कळलं होतं. त्यांनाही कळलं असणार, पण आई गेली तरी ते तेच विचारत राहिले. डॉक्टरांना, नर्सला, समाचाराला आलेल्या माझ्या मामालासुद्धा.

कंपनीने तपासणीला माणूस पाठवला. तो सभ्य होता. त्याचं म्हणणं पडलं की चालकाला ऐकू येत नाही, त्याने गाडी अचानक वळवली, आणि आर्म कठड्यावर आदळल्यावर तुटला. आधी तुटणं शक्य नाही, कारण ही गाडी त्यात बसत नाही. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. बाबांनी मला हाताने थांबवलं.

“बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले. “मीच वळवली.”

त्यानंतर बाबांनी विनोद करणं सोडलं. कपाटातलं यंत्र काढून कानात घातलं, आणि तेव्हापासून ते उठल्यापासून झोपेपर्यंत लावून बसतात. जिच्यासाठी ते लावायला हवं होतं ती नाही, आणि आता घरात नळाचा नि घड्याळाचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येतो. मला हे बघवत नाही.

परवा त्यांच्या कानाच्या तपासणीहून आम्ही परतत होतो. गाडी माझी, मी चालवत होते, बाबा शेजारी. त्यांच्या खिशातला फोन वाजला. फोनवरचं बोलणं त्यांना यंत्र लावूनही कळत नाही. त्यांनी तो काढला आणि न बघताच शेजारी धरला, आईपुढे धरायचे तसा. मग त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच राहिला.

मी गाडी कडेला लावली आणि फोन घेतला. एक मुलगी उत्साहाने बोलत होती. जुन्या कारखान्यातल्या गाड्याही कंपनीने आता परत बोलावल्या आहेत, तुमची गाडी आता त्यात बसते, आर्म फुकट बदलून मिळेल, गाडी कधी घेऊन येता?

“कोण आहे?” बाबांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि सावकाश सांगितलं, “आपली गाडी आता त्यात बसते म्हणे.”

बाबा बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले, मी बोलायची थांबले होते तरी.

“म्हणजे आवाज येत होता,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“तिला बरोबर ऐकू येत होतं. तिचे कान चांगले होते, एवढं लिहून घ्या म्हणावं त्यांना.”

मी फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं.  पलीकडून की-बोर्डची टकटक ऐकू आली, मग ती थांबली.

“सॉरी मॅडम,” मुलगी म्हणाली, “पार्टचं नाव परत सांगता का?”

मी फोन ठेवला.  बाबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर ओढली, वाकले, आणि उजेडाकडे पाय वळवून गुडघ्याची बाजू नीट निरखली. अंगठा फिरवून पाहिला. डाग कधीच गेला होता.

त्यांनी पॅन्ट खाली केली, हाताने सारखी केली. “चल,” म्हणाले.