विमानाच्या पोटाखालचा डबा

माझ्या विमानाच्या पोटाखाली डबा बसवावा ही कल्पना माझी नव्हती. आणि माझी नव्हती एवढ्याच कारणाने ती मला नापसंत होती, हे आज मी कबूल करतो. त्या वेळी मात्र माझ्यापाशी युक्तिवाद होते आणि ते सारे मला बिनतोड वाटत होते.

सेलूच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर थर्माकोल, बाल्साचे हलके लाकूड आणि चिकटपट्टी यांतून पाच फूट पंखांचे, रिमोटवर उडणारे विमान तयार केले. त्याला आता अकरा वर्षे होतील. दर रविवारी पंख जुन्या चादरीत गुंडाळून मी सकाळच्या पॅसेंजरने पेडगावला जातो. तेथे माझे मित्र अण्णाराव यांचे रान आहे. रानात धावपट्टी नसल्यामुळे विमान हातानेच सोडावे लागते, आणि ते काम पहिल्या दिवसापासून अण्णारावांचे. विमान खांद्यावर उचलून ते चार पावले धावतात आणि अशा बेताने सोडतात की ते त्यांच्या हातातून गेले हे विमानालाही उशिरा कळावे. सोडण्यापूर्वी ते दर वेळी मला विचारीत, "सर, वारं कसं हाय?" वारे कसे आहे हे जन्मभर शेती केलेल्या त्या माणसाला माझ्याहून अधिक कळत होते. तरीही ते विचारीत आणि मी उत्तर देत असे. आमच्या मैत्रीचे सारे ऐश्वर्य त्या एका प्रश्नात होते.

गेल्या वर्षी अण्णारावांच्या घरी सून आली. शिवरंजनी मूळची जिंतूरची, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. आल्यापासून दोन महिन्यांत तिने घरातला मिक्सर, शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आणि माझ्या रिमोटचे एक सैल झालेले बटण दुरुस्त केले. बटणाबद्दल मी तिचे आभार मानले. ते मनापासून होते की नाही, याची चर्चा येथे नको.

फाल्गुनात गावच्या महादेवाच्या देवळावर नवा कळस चढायचा होता. मंदिर समितीचे अध्यक्ष महारुद्र यांच्या मनात आले की सरांच्या विमानातून कळसावर पुष्पवृष्टी व्हावी. मी त्यांना सविस्तर समजावले की विमान उडवणे आणि विमानातून काही टाकणे या भिन्न विद्या आहेत. वजन अचानक सुटले की विमानाचा तोल जातो. शिवाय माझे दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर गुंतलेले असतात. महारुद्रांना ते पटलेही होते. तेवढ्यात चहाचा ट्रे खाली ठेवता ठेवता शिवरंजनी म्हणाली, "तोल जिथं बसतो तिथंच डबा लावला तर न्हाई जायचा, सर."

आठ दिवसांत तिने तो बनवला. जाहिरातीच्या फलकांना वापरतात त्या पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा वीतभर लांबीचा डबा, त्याला खालून उघडणारे झाकण, आणि झाकण अडवून ठेवणारी सायकलच्या स्पोकची पिन. रिमोटच्या कोपऱ्यातले एक बटण रिकामेच होते. ते दाबले की काडेपेटीहून लहान मोटार पिन मागे ओढी आणि रबराच्या ताणाने झाकण खाली उघडे. मी तो डबा पाऊण तास तपासला. पिन अडकेल असे वाटले. ती अडकली नाही. वाऱ्याने झाकण आपोआप उघडेल असे म्हणालो. तिने पंखा लावून दाखवले. दोष शोधणाऱ्याला दोष न सापडणे ही शिक्षा किती कठोर असते, हे मला त्या दिवशी कळले.

चाचणी रविवारी झाली. डब्यात झेंडूच्या सुट्या, कोरड्या पाकळ्या भरल्या. बटण तिने दाबावे, असे मीच सुचवले. औदार्याने नव्हे, तर डबा फसला तर तो तिच्या हाताने फसावा म्हणून. ती माझ्या शेजारी उभी राहिली. अण्णारावांनी विमान खांद्यावर घेतले, मागे वळून पाहिले आणि विचारले, "शिवा, वारं कसं हाय ग?"

तिने सांगितले. ते बरोबर होते. पाकळ्या हरभरा काढलेल्या रानावर पसरत गेल्या, आणि अण्णाराव लहान मुलासारखे त्यांच्यामागे धावले. अकरा वर्षांत माझ्या विमानामागे ते असे कधी धावले नव्हते.

कळसाच्या दिवशी सकाळी आठलाच देवळापुढे गर्दी झाली. डबा भरण्याच्या वेळेस नव्या सुनेला आरतीसाठी आत बोलावले गेले, म्हणून अण्णारावांच्या पत्नी बसम्मा डबा भरू लागल्या. देवाला सुकलेले फूल चालत नाही. पाकळ्यांची टोपली रात्रीपासून ओल्या फडक्याखाली होती आणि बसम्मांनी तिच्यावर पुन्हा पाणी शिंपडले. शिवाय गावातल्या प्रत्येक घरची चिमूट त्यात पडलीच पाहिजे, कोणाचे घर मागे राहता कामा नये. एकेक बाई आली, चिमूट टाकून नमस्कार करून गेली, आणि जागा संपली तेव्हा बसम्मांनी आधीच्या पाकळ्या तळहाताने दाबून पुढच्यांसाठी जागा केली. मी दोन हातांवर उभा होतो. शिवरंजनी धावत आली, वरवरच्या पाकळ्यांवर एक नजर टाकून तिने झाकण लावले आणि पिन बसवली.

उड्डाणापूर्वी मी पंखांखाली दोन बोटे लावून विमान उचलतो. ते समतल राहिले की तोल ठीक. ते समतल राहिले. परंतु माझ्या बोटांना अकरा वर्षांची सवय होती, आणि त्यांना वजन कळले. मी पुन्हा उचलले. ओल्या, चेपलेल्या पाकळ्यांचा गोळा झाला आहे आणि तो झाकण उघडूनही सुटणार नाही, हे मला तेव्हाच स्वच्छ समजले. मी स्वतःशी असा वाद केला की मला तोल तपासायला सांगितले होते, डबा नव्हे. डब्याची मालकीण दुसरी आहे. वाद मी जिंकलो आणि "चला," म्हणालो.

अण्णारावांनी विमान सोडले. ते जड उठले, पण उठले. मी देवळावर एक फेरी घेतली, दुसऱ्या फेरीत कळसाच्या रेषेत आणले आणि शिवरंजनीने बटण दाबले. झाकण उघडलेले खालूनही दिसले. पडले काहीच नाही. तिने बटण पुन्हा दाबले, मग पुन्हा. मी विमान वर घेतले, पंख डावीउजवीकडे झटकले, नाक एकदम खाली आणून उचलले. तसा तो पिवळा गोळा सुटला आणि मंडपाच्या कापडावर आदळला.

"सूनबाई, फुलं उधळायची होती," महारुद्र म्हणाले, "तुमी तर ढेकूळ हाणलं."

लोक हसले. शिवरंजनी हसली नाही. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बटणाकडे पाहत राहिली. मी विमान अलगद उतरवले. सर होते म्हणून सांभाळले, असे चारचौघे मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, आणि ते मला गोड लागले, हेही खरे.

अण्णाराव विमान उचलून माझ्याकडे आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"सर, हातात घेतलं तवाच मला लय जड लागलं. पण तुमी दोनदा बोटं लावली अन् काय बोलला न्हाई. मग म्या म्हणलं, सरांना ठीक वाटलंय म्हणजे ठीकच आसंल. म्हणून सोडलं."

मी रिमोट खाली ठेवला, शिवरंजनीकडे गेलो आणि तिला सांगितले की गोळा झाल्याचे मला आधीच कळले होते, आणि मी गप्प राहिलो.

तिने विचारले, "किती जड होतं?"

"दुप्पट."

"विमानाच्या दुप्पट?"

"डब्याच्या भाराच्या."

"तिप्पट आसंल, सर. दुपटीनं एवढं जड उठलं नसतं." तिचे बरोबर होते, आणि तेही मला आवडले नाही.

टोपलीत पाकळ्या उरल्या होत्या. मी माझे उपरणे उन्हात पसरले, त्यावर त्या विरळ पसरल्या आणि महारुद्रांना जाऊन सांगितले की चूक डब्याची नव्हती, माझी होती. अर्धा तास द्या. त्यांनी दिला. बसम्मांनी प्रत्येक घराच्या नावाने पुन्हा एकेक पाकळीच टाकायची, असे ठरले.

अण्णारावांनी विमान खांद्यावर घेतले. मी प्रश्नाची वाट पाहत होतो. माझ्या शेजारी शिवरंजनीही पाहत असावी. त्यांनी खाली वाकून चिमूटभर माती उचलली, हवेत सोडली, ती कोणीकडे जाते ते पाहिले आणि कोणालाच काही न विचारता विमान सोडले.

कळसावर आल्यावर तिने बटण दाबले. उडवणाऱ्याला विमानावरची नजर काढता येत नाही, त्यामुळे फुले मला दिसली नाहीत. विमान बोटभर वर उचलले गेले आणि गर्दीतून एकच लांब आवाज आला, एवढेच मला कळले. कशी पडली, हे तिलाच विचारावे लागले.

"चांगली पडली, सर. जराशी डावीकडं गेली. तुमी वळण लवकर घेतलं."

मी वळण वेळेवरच घेतले होते. हे मी तिला सांगणार होतो, तोच अण्णाराव विमान घेऊन आले आणि त्यांनी ते माझ्याऐवजी तिच्या हातात दिले. डबा काढायचा होता, म्हणून दिले असेल. हे कारण पुरेसे आहे, आणि मी त्यात अजून दोष शोधतो आहे.