म्हणे विळीनं नातं कापलं!

मी एक जुनी विळी. घाबरू नका मित्रांनो, हवं तर लांब बसा, पण माझं ऐकून घ्या. माझ्यावर खोटा आळ आलाय आणि तो मी मुकाट्यानं सोसणाऱ्यातली नाही.

कराडजवळच्या एका लोहारानं मला घडवलं. भट्टीत तापले, घणाचे घाव सोसले, तेव्हा कुठे हे पातं आणि नारळ खोवायचे दात मिळाले. मला सागवानी पाटावर बसवून लोहार म्हणाला, "हिच्या नादी लागू नये कुणी!" तेव्हापासून माझा ताठा आहे तो आहे.

कस्तुरीनं मला वरदाच्या वाढदिवसासाठी विकत घेतलं आणि साड्यांत गुंडाळून इंग्लंडला, रीडिंग शहरातल्या घरी आणलं. या दोघी एकमेकींच्या सिव्हिल पार्टनर. म्हणजे साक्षीदारांसमोर सह्या करून बांधलेलं, कायद्यानं लग्नाच्या बरोबरीचं नातं. काय दिवस होते ते! रविवारी कस्तुरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून नारळ खोवायला बसायची आणि वरदा शेजारी बसून खोबऱ्याचे बकाणे भरायची. "अगं, भाजीत घालायला ठेव की जरा!" कस्तुरी ओरडायची. शेजारची इंग्रज बाई तर मला बघून दारातच थबकली. मला भारी अभिमान वाटला.

मग कस्तुरीला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. आधी दर शनिवारी यायची, मग महिन्याने. आली की दोघी भांडायच्या, आणि पुढे पुढे तर भांडायच्याही थांबल्या. मी सिंकखाली ब्लीचच्या बाटल्यांमागे गंजत पडले. शेवटी दोघींनी मिळून कोर्टात अर्ज केला, की आमचं नातं संपवा. इथला कायदा चूक कुणाची ते विचारतच नाही. आता हे सावरणार नाही, एवढंच सांगायचं. मग काही महिने थांबायचं, आधी सशर्त आदेश मिळतो, त्यानंतर अंतिम. शहाणा आहे हो कायदा!

पण तेव्हाच वरदाची आई, सुलक्षणाबाई, पुण्याहून राहायला आल्या होत्या. त्यांना कोर्टबिर्ट नको होतं. "अगं, लग्न होतं का ते? रूममेट होती, गेली. कशाला गाजावाजा?" आपल्या बहिणीलाही त्यांनी फोनवर तेच सांगितलं. वरदानं ते ऐकलं आणि तिला फार लागलं. तिचा इतक्या वर्षांचा संसार आईनं एका शब्दात पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सिंकखाली काहीतरी शोधताना मी सुलक्षणाबाईंच्या हाती लागले.

"ही कुणी दिली गं?"

"कस्तुरीनं. बर्थडेला."

"धारेची वस्तू भेट देतं का कुणी? तिथेच कापलं गेलं तुमचं!" असं म्हणून बाई मला कचऱ्याच्या काळ्या बिनमध्ये टाकायला निघाल्या.

अस्सा संताप आला मला! कोबी चिरते, नारळ खोवते. माणसं तोडणं हा माझा धंदा नाही!

वरदा दारात आडवी उभी राहिली. "आई, एक काय ते ठरव. आमच्यात काही नव्हतंच ना? मग विळीनं कापलं ते काय?"

"मी फायनल ऑर्डर घेणार, आई. नातं होतं, म्हणून संपवतेय. नव्हतं म्हणून नाही. आणि मला त्या नात्यासाठी रडायचंय. रूममेट गेली म्हणून रडतं का कुणी?"

बाईंनी मला परत ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी वरदानं मला घासूनपुसून धार लावली.

अंतिम आदेश आला त्या सकाळी पोर हुंदके देऊन रडली. आईनं तिला कुशीत घेतलं. तेवढ्यात बाईंच्या बहिणीचा फोन आला आणि तिला हुंदके ऐकू गेले. "काय गं सुलू, वरदा का रडतेय?"

सुलक्षणाबाईंनी लेकीला आणखी जवळ ओढलं. "रेखा, ती रूममेट नव्हती. माझ्या लेकीचा घटस्फोट झालाय. संसार मोडलाय तिचा. रडणारच ना ती!"

मित्रांनो, मला ओली ठेवू नका, पात्याला अधूनमधून तेलाचा हात लावा, एवढंच माझं मागणं. आणि कुणाचं नातं मोडलं, तर मोडलं म्हणा. ते नव्हतंच असं म्हणाल, तर खबरदार, गाठ माझ्याशी आहे!