मिठागरातल्या गळक्या जागा

बाळांनो, मनात मऊ टोफूची एक वडी आणा. तिच्यात चार काड्या रोवा, काड्यांवर बशी ठेवा आणि ताटली जोरात हलवा. चीनमधल्या बोहाईच्या समुद्रात तेल काढायचा तळ असाच उभा असतो. खाली मऊ चिखल, त्यात लोखंडी पाय आणि वर माणसं.

नव्या तळावर दहा वर्षांच्या शाओमानचे बाबा क्रेन चालवणार होते. महिना महिना तिथेच राहणार, तिथेच झोपणार. त्यामुळे त्या तळाचे पाय किती भक्कम असतील, याची काळजी तिला परीक्षेपेक्षा जास्त होती.

ते ठरवायला आलेल्या भूगर्भतज्ज्ञ छूबाई त्यांच्याच घरी उतरल्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याला मोठा भूकंप झाला असावा, असं त्यांना वाटत होतं. पण तालुक्याच्या जुन्या नोंदींत त्याची एक ओळही नव्हती. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. पुरावा नसेल तर समिती हिशेबात लहान भूकंपाचाच धक्का धरणार आणि तळाचे पाय बारीक होणार.

मंगळवारी जेवताना छूबाई थकून सांगत होत्या, की मोठ्या हादऱ्यात खालची ओली वाळू पाण्यासारखी होते आणि चिखल फोडून वर उसळते. तशी एखादी वाळूची शीर हवी होती. दोन आठवडे जमिनीत भोकं पाडून काही हाती लागलं नव्हतं.

शाओमानचा हात कोळंबी सोलताना थांबला. आजोबांची चाळीस वर्षं मिठागरात गेली होती. मिठाच्या वाफ्यातलं पाणी जमिनीत मुरू लागलं, की ते पहाटे गुपचूप चिकणमाती थापून ती जागा बुजवत. आणि तिथे नेहमी पांढरी वाळू निघे. पण वाफा गळका असणं ही मिठागरवाल्याची नाचक्की. म्हणूनच पहिल्या दिवशी छूबाईंनी विचारलं, तेव्हा आजोबांनी छाती काढून सांगितलं होतं, आमच्याकडे वाळूचा कणही नाही.

"आजोबा, सांगा ना त्यांना."

"काय सांगू? गप जेव."

"बाबा त्या तळावर झोपणार आहेत."

आजोबांनी वाडगा खाली ठेवला.

"एक्केचाळीस जागा आहेत," ते छूबाईंना म्हणाले. "बाई, बूट काढून या. तुमच्या बुटांनी माझे बांध मोडतात."

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका जागी चर खणला. काळ्या चिखलात हातभर रुंद पांढरी शीर खालून थेट वर आली होती. वर येऊन वाळू पसरली होती ती मीठ उकळायच्या एका जुन्या चुलीवर, आणि चुलीत निळ्या नक्षीचे फुटके वाडगे होते, बरोबर त्या काळातले. एक्केचाळीस जागा नकाशावर मांडल्या, तर किनाऱ्यालगत चार किलोमीटरचा पट्टा झाला.

शुक्रवारी समितीचे प्रमुख स्वतः चरात उतरले. त्यांनी शिरेवरून बोट फिरवलं, मोजपट्टी लावली, पुन्हा नकाशा पाहिला.

"मोठा धक्का धरा," ते म्हणाले. "पाय जाड करा आणि आणखी खोल न्या."

बांधावरच्या मिठागरवाल्यांनी टोप्या उडवल्या. छूबाई चिखलातच बसून हसत होत्या, आजोबा मात्र सगळ्यांच्या मागे उभे.

शाओमानने छूबाईंच्या खिशातलं पेन काढलं. नकाशावर 'पाहणी' या शब्दापुढे छूबाईंचं एकटीचंच नाव होतं. तिने त्याच्या वर, ठळक अक्षरांत आजोबांचं नाव लिहिलं: म्यू देशान, मिठागर कामगार.